उजेड बदलतोय की चौकट? माशेलच्या चिखलकाल्याचं एक प्रकरण

आषाढ शुद्ध द्वादशीला गोव्यातल्या माशेलच्या देवकीकृष्ण देवळाजवळच्या मैदानात चिखलकालो, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव होतो. २०२५ साली ही तिथी ७ जुलैला आली होती. एकादशीला देवळात सुरू झालेलं भजन चोवीस तास अखंड चालतं. ते संपलं की अंगाला तेल चोळलेली पोरंबाळं आणि बाप्ये विठ्ठलाच्या गजरात चिखलात उतरतात. मग चक्र, आंधळी कोशिंबीर, पळापळी असे जुने खेळ एकामागून एक रंगत जातात आणि शेवटी दहीहंडी फुटते.

कॅमेऱ्याच्या अंगाने पाहिलं तर एवढ्याशा जागेत आणि दोन-तीन तासांत इतक्या तऱ्हेचा उजेड गोव्यात क्वचितच एकत्र भेटतो. सभामंडपात ट्यूबलाइट आणि समईचा अंधूक, मिश्र उजेड. मैदानात पावसाळी ढगांचा उजेड, तो दर पाच मिनिटांनी अर्धा होतो नाहीतर दुप्पट. झाडाखाली त्याहून काळोख. आणि हंडीच्या वेळी माणसांच्या पाठीमागे सगळ्यात उजळ वस्तू, म्हणजे पांढरं आभाळ. त्यात प्रत्येक माणूस हलतो आहे आणि प्रत्येक चेहरा मातीने माखला आहे.

या प्रकरणातली छायाचित्रकार फोंडा तालुक्यातलीच, हौशी पण हात बसलेली. तिच्याकडे क्रॉप (म्हणजे लहान) सेन्सरची साधी मिररलेस बॉडी आणि तीन लेन्स, १८-५५ मिलिमीटर (एफ/३.५-५.६), ५५-२५० ही टेलिफोटो (एफ/४-५.६) आणि ५० एफ/१.८, एवढंच सामान. एफचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. सलग दोन वर्षं तिने चिखलकालो टिपला. पहिल्या वर्षीचे बहुतेक फोटो वाया गेले, दुसऱ्या वर्षी देवळापासून हंडीपर्यंतची अख्खी मालिका हाती लागली. दोन्ही वेळा सामान तेच आणि ढगाळ दुपारही तशीच होती. बदलल्या त्या सेटिंग्ज, आणि त्यांच्यामागचा विचार.

पहिलं वर्ष: योग्य कारणासाठी चुकीचा मोड

तिने डायल एसवर ठेवला होता (कॅननवाल्यांचा टीव्ही), म्हणजे शटर (ते किती वेळ उघडं राहणार) आपण ठरवायचं आणि अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडणार) कॅमेऱ्याने. शटर १/१००० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची तीव्रता) ४००, मीटरिंग म्हणजे उजेडाचं मोजमाप मॅट्रिक्स (अख्खी चौकट धरून), व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगाचा तोल ऑटो, फाइल जेपेग. खेळ वेगाचा, म्हणून शटर हातात घ्यावं, हा विचार अगदी बरोबर होता. चूक आयएसओ बांधून ठेवण्यात होती.

हिशेब मांडून बघू. आभाळ ढगाळ पण उघडं असेल तर आयएसओ १००, एफ/५.६ ला साधारण १/१२५ शटर मिळतं. १/१००० हवं तर तीन स्टॉप वर जावं लागतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), म्हणजे आयएसओ ८००. काळा ढग आला की आणखी दोन स्टॉप जातात आणि आयएसओ ३२०० लागतो. तिच्या टेलिफोटोचं तोंड २५० मिलिमीटरला एफ/५.६ च्या पुढे उघडतच नाही. कॅमेऱ्याला शटर हलवायची परवानगी नाही, आयएसओ हलवायची नाही, अ‍ॅपर्चर आधीच टोकाला. अशा वेळी कॅमेरा थांबत नाही, तो काळोखा फोटो काढून मोकळा होतो. व्ह्यूफाइंडरमध्ये अ‍ॅपर्चरचा आकडा लुकलुकत असतो, पण डोळा खेळावर असताना त्या आकड्याकडे कोण बघतो? ढगाखालचे तिचे सगळे फोटो तीन स्टॉप काळे आले. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली सगळी कच्ची माहिती ठेवणारी) असती तर त्यातले बरेच वर ओढता आले असते. जेपेगमध्ये सावल्या ओढल्या की चिखलाच्या जागी हिरवट-जांभळे चट्टे उठतात आणि तसेच उठले.

दुसरा दोष उलट दिशेचा होता. ऊन-ढगाच्या मधल्या चांगल्या उजेडात जवळून टिपलेले चेहरे आणि पाठी फिकट आल्या, चिखल दुधाच्या चहासारखा दिसायला लागला. कारण साधं आहे. मीटरला चिखल म्हणजे काय ते ठाऊक नसतं. चौकटीत जे काही आहे ते मध्यम करड्या रंगाइतकं उजळ असावं एवढंच त्याला समजतं. ओला चिखल आणि तेल चोळलेलं ओलं अंग मध्यम करड्यापेक्षा गडद असतं. चौकट त्यांनी भरली की मीटर त्यांना ओढून मध्यमावर आणतो. ओलेपणा जातो, अंगावरची तेलाची चकाकी पसरट होते, माती वाळल्यासारखी दिसते.

तिसरा दोष हंडीचा. थर चढत गेला आणि प्रत्येक फ्रेममध्ये माणसं आणखी काळी होत गेली. वरच्या गड्याच्या हातात हंडी आली तेव्हा तो निव्वळ काळी आकृती झाला होता. कोणी म्हणेल, सिल्हूट सुंदर दिसतं. दिसतं, पण चिखलकाल्याच्या फोटोत चिखलच दिसत नसेल तर तो कुठल्याही गावच्या हंडीचा फोटो झाला.

चौथा दोष रंगाचा. ऑटो व्हाइट बॅलन्सला अख्खी चौकट तांबूस-तपकिरी दिसली की तो समजतो, उजेडच तांबडा आहे, आणि निळा मिसळून तो तांबडेपणा काढून टाकतो. चिऱ्याच्या खाणीसारखी लालसर माती सिमेंटच्या गाऱ्यासारखी झाली. एकाच खेळाच्या लागोपाठच्या दोन फोटोंत मातीचा रंग वेगळा, कारण एकात कडेला हिरवं झाड होतं आणि दुसऱ्यात नव्हतं.

सभामंडपातल्या फोटोंवर आडवे काळे-पिवळे पट्टे आले होते. त्याकडे पुढे येऊ.

प्रश्न कुठला विचारायचा

मोड निवडताना बहुतेक जण विचारतात, विषय हलतोय का? हलत असेल तर एस, स्थिर असेल तर ए (अ‍ॅपर्चर आपलं, शटर कॅमेऱ्याचं), काहीच कळत नसेल तर पी (दोन्ही कॅमेऱ्याचं). शिकवण्यांमध्येही असंच सांगितलं जातं आणि सुरुवातीला ते पुरतं. पण शटर किती हवं आणि अ‍ॅपर्चर किती हवं हे तर कुठल्याही मोडमध्ये आपल्यालाच ठरवायचं असतं. खरा प्रश्न असा की हे दोन्ही ठरल्यावर उजळपणाचा ताबा कॅमेऱ्याकडे द्यायचा की आपल्याकडे ठेवायचा.

आणि त्याचं उत्तर एका गोष्टीवर ठरतं: माणसावर पडणारा उजेड बदलतोय, की नुसती चौकट बदलतेय?

ढग आला आणि गेला, माणूस झाडाखालून उघड्यावर आला, म्हणजे उजेड बदलला. इथे कॅमेऱ्याला मोकळीक द्यावी. त्याचा हात आपल्या हातापेक्षा जलद चालतो. पण उजेड तोच आहे आणि नुसतं माणसामागचं चित्र बदललं, गर्दीच्या जागी आभाळ आलं, काळ्या झाडाच्या जागी पांढरी भिंत आली, तर मीटर फसणार. तिथे सगळं आपल्या हाताने बांधून टाकावं आणि मीटरकडे बघूही नये. पहिल्या वर्षी तिने ढगांच्या वेळी कॅमेऱ्याचे हात बांधले आणि हंडीच्या वेळी मोकळे सोडले, नेमकं उलटं.

दुसरं वर्ष: सभामंडप

भजन संपण्याआधी तासभर ती देवळात होती. परवानगी आधीच घेतली होती. तरी एक म्हातारे गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "बाय, समईसमोर फ्लॅश मारू नकोस हां." "नाही मारणार, काका," म्हणून तिने फ्लॅश बंद असल्याचं दाखवलं. देवळात फ्लॅशची मनाई नसली तरी तो टाळावाच. भजनाचं लक्ष उडतं, आणि समईचा पिवळा उजेड फ्लॅशच्या पांढऱ्या उजेडापुढे मरून जातो.

इथे उजेड थोडा आहे पण स्थिर आहे. मंडपाच्या एका कोपऱ्यात बसलेल्या टाळकऱ्यावर सकाळी जेवढा उजेड तेवढाच दुपारी. चौकट मात्र सतत बदलते: एका बाजूला उघडं दार, दुसऱ्या बाजूला काळोखी भिंत. म्हणजे पूर्ण एम, मॅन्युअल मोड, सगळे आकडे आपणच ठरवायचे. लेन्स ५० मिलिमीटर, अ‍ॅपर्चर एफ/२, शटर १/१००, आयएसओ १२५०. हा आकडा तिने दाराकडे पाठ करून, टाळकऱ्याच्या चेहऱ्यावर स्पॉट मीटरने (तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोजून) घेतला आणि नंतर तिथून हलवला नाही. एफ/१.८ वर लेन्स थोडी मऊ पडते आणि दोन चेहरे एकत्र धारदार येत नाहीत, म्हणून एफ/२. तीन-चार चेहरे एका ओळीत हवे होते तेव्हा एफ/२.८ आणि आयएसओ २५००.

१/१०० याच आकड्यामागे पट्ट्यांचं कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. शटर १/१०० असेल तर एक अख्खी उघडझाप फोटोत मावते आणि उजेड सारखा येतो. १/५० लाही तेच, फक्त टाळ वाजवणारे हात पुसले जातात. १/५०० ठेवलं तर एका फ्रेममध्ये उजळलेला क्षण सापडतो, दुसऱ्यात मंदावलेला. त्यात सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि एकाच फोटोत दोन्ही क्षण पट्टे होऊन बसतात. पहिल्या वर्षी भजनात आवाज नको म्हणून तिने सायलेंट शटर लावलं होतं. भावना चांगली, पण टाळ-मृदंगाच्या आवाजात मेकॅनिकल शटरची टिकटिक कोणाला ऐकू येणार नव्हती.

व्हाइट बॅलन्स ४००० केल्विनला (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) बांधला. ट्यूबचा उजेड किंचित निळसर राहतो, समईचा पिवळाच राहतो. समईचं पिवळेपण काढून ती पांढरी करण्याचा हट्ट धरू नये.

मैदान

मंडपातून बाहेर पडताना तिने ५० काढून टेलिफोटो लावली, ती देवळाच्या कोरड्या ओसरीवर. चिखल उडत असताना मैदानात लेन्स बदलायची नाही, हा नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. सेन्सरवर बसलेला तेलकट मातीचा एक कण पुढच्या सगळ्या फोटोंत दिसतो.

मैदानात उजेड बदलतो. म्हणून एम मोड आणि ऑटो आयएसओ. शटर १/१०००, अ‍ॅपर्चर एफ/५.६, दोन्ही तिच्या हातात. आयएसओ कॅमेरा १०० ते ६४०० मध्ये हवा तसा फिरवतो. काळा ढग आला की तो ८०० वरून ३२०० वर जातो, गेला की परत खाली येतो, आणि तिला बोटही हलवावं लागत नाही. झाडाखालच्या काळोखात आयएसओ ६४०० ला टेकला तेव्हा तिने शटर १/५०० केलं. ६४०० ला क्रॉप सेन्सरवर दाणे दिसतात, पण मातीने माखलेल्या अंगावर दाणे डोळ्यांना खुपत नाहीत. काळोखा आणि हललेला फोटो मात्र खुपतो. दाण्यांच्या भीतीने आयएसओ दाबून ठेवणं हे आपल्याकडच्या हौशी मंडळींचं जुनं दुखणं आहे.

काही जुन्या बॉडींत एम आणि ऑटो आयएसओ एकत्र असताना एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरच्या अंदाजावर आपण केलेली अधिक-उणे दुरुस्ती, चालत नाही. तिथे एस मोडमध्ये ऑटो आयएसओ लावावा. या उजेडात अ‍ॅपर्चर तसंही टोकालाच उघडं राहतं, म्हणून परिणाम जवळपास तोच.

कॉम्पेन्सेशन का हवं? चौकट चिखलाने भरली की मीटर फिकट करणार, हे आता ठाऊक आहे. म्हणून जवळच्या फोटोंना तिने उणे ०.७ लावलं. माती ओली राहिली. खांद्यावरच्या तेलाची चकाकी बारीक, टोकदार आली. त्या चकाकीच्या जागी हायलाइटचा (अति उजळ भागाचा) इशारा लुकलुकतो, त्याला घाबरून आणखी काळोख करायचा नाही. तेलावरून परतलेला आभाळाचा उजेड पांढराच असतो आणि पांढराच दिसायला हवा. लांबून, गर्दी आणि थोडं आभाळ धरून घेतलेल्या फोटोंना अधिक ०.७. हा फेर तिने अंगठ्याच्या डायलवर ठेवला होता, त्यामुळे कॅमेरा डोळ्यावरून खाली आणावा लागला नाही.

मीटरिंग मॅट्रिक्सऐवजी सेंटर-वेटेड, म्हणजे चौकटीच्या मध्याला जास्त वजन देणारं. मॅट्रिक्स हुशार आहे, पण फोकसचा बिंदू कुठे आहे, आभाळ किती आहे, हे पाहून तो स्वतःच थोडी दुरुस्ती करतो. त्यावर आपली दुरुस्ती चढली की नेमकं किती झालं ते कळत नाही. जुन्या पद्धतीच्या मीटरचा अंदाज बांधता येतो, म्हणून आमची पसंती त्याला.

फोकसने सुरुवातीला दगा दिला. आय-डिटेक्शन चेहरा शोधतं, आणि चिखलाने लिंपलेल्या चेहऱ्यात त्याला डोळाच सापडत नाही. मग ते मागच्या प्रेक्षकांमधला एखादा स्वच्छ चेहरा पकडतं. पहिली पाच-सात मिनिटं अशी गेली, खेळाडू धूसर आणि पाठीमागचे छत्रीवाले काका धारदार. तिने डिटेक्शन बंद करून कंटिन्युअस (सतत जुळत राहणारा) फोकस मधल्या झोनवर ठेवला. पाऊस दाट झाला तेव्हा झोनसुद्धा समोरच्या थेंबांना धरायला लागला. तेव्हा एकच बिंदू, छातीवर. छातीवर चिखल आणि कातडी यांची सीमा असते, फोकसला धरायला ती बरी पडते.

चक्राच्या खेळात ती जवळ गेली. त्यासाठी पुन्हा ओसरीवर येऊन १८-५५ लावली. १८ मिलिमीटर, एफ/५.६, फोकस मॅन्युअल करून ३ मीटरवर. क्रॉप सेन्सरवर या आकड्यांना साधारण दीड मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं बऱ्यापैकी धारदार येतं. फोकसची भानगडच मिटते. कॅमेरा चिखलाच्या वर हातभर धरून, न बघता, नुसत्या अंदाजाने फोटो घेता येतात. तिचे सगळ्यात जिवंत फोटो याच दहा मिनिटांतले आहेत. एकात चिखलाचा लपका हवेत आहे, त्याच्या कडा तुटून चार-पाच थेंब सुटे झाले आहेत, आणि मागे एका पोराने डोळे मिटून तोंड आधीच फिरवलं आहे. १/१००० ला लपका असा थांबतो. १/२५० ला त्याची नुसती रेघ झाली असती.

सगळंच थांबवलं तर फोटो पुतळ्यांसारखे दिसतात, हेही खरं. पळापळीच्या वेळी तिने डायल एसवर नेला, शटर १/३०, आयएसओ १००. ढगाळ उजेडात अ‍ॅपर्चर एफ/११ च्या आसपास जातं, एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच) लागत नाही. पळणाऱ्याबरोबर कमरेतून वळत, शटर दाबल्यावरही वळणं न थांबवता फोटो घ्यायचा. दहातला एखाद-दुसरा जमतो. जमला की माणूस बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागची गर्दी रंगांचे पट्टे होऊन वाहते. इथे तिची एक चूक झाली. नंतर एम मोडवर परतल्यावर ऑटो आयएसओ पुन्हा चालू करायचा राहिला. पुढचे पंधरा-वीस फोटो आयएसओ १०० ला काळेकुट्ट. रॉ होते म्हणून दोन-तीन वाचले.

पाऊस दिसायला हवा असेल तर मागे काळोख हवा. आभाळापुढे पावसाच्या रेघा दिसत नाहीत, झाडाच्या गर्द पानांपुढे दिसतात. शटर १/६० ला लांब रेघा येतात, १/१००० ला मण्यांसारखे थेंब. फ्लॅश लावला तर लेन्सजवळचे थेंब उजळून फोटोभर पांढरे गोळे पसरतात.

व्हाइट बॅलन्स संपूर्ण मैदानासाठी ६००० केल्विन. कुठल्याही ढगाखाली तो बदलला नाही. पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत माती एकाच रंगाची आली, आणि ती माशेलची माती म्हणून ओळखू येते.

लहान मुलं उघड्या अंगाने खेळत असतात. त्यांचे जवळून फोटो घ्यायचे तर सोबतच्या मोठ्यांना विचारून घ्यावेत आणि कुठे वापरणार तेही सांगावं.

हंडी

हंडी लागायच्या आधी पाच मिनिटं मिळतात. तिने तेवढ्यात सगळं उरकलं.

थर चढणार त्याच उघड्या जागी उभा असलेला एक माखलेला खेळाडू तिने पाहिला, टेलिफोटोने त्याचा चेहरा आणि छाती चौकटीत भरली आणि उणे ०.७ वर आकडा वाचला: एफ/५.६, १/८००, आयएसओ १६००. हा समोरून उजेड पडलेल्या, सरळ उभ्या माणसाचा आकडा. पण थरावरच्या माणसाकडे आपण खालून बघतो. त्याची हनुवटी, दंडाची खालची बाजू, गळा, यांना उजेड मिळतो तो जमिनीवरून परतलेला, आणि इथली जमीन गडद चिखलाची. ती फारसं काही परत देत नाही. म्हणून आणखी दोन तृतीयांश स्टॉप उघडायला हवं, म्हणजे १/५००. आता १/५०० ला हंडीतून उडालेलं दही थांबणार नाही. शटर एक स्टॉप वर आणि आयएसओ एक स्टॉप वर. शेवटचा आकडा: एफ/५.६, १/१०००, आयएसओ ३२००. ऑटो आयएसओ बंद, मोड पूर्ण एम.

थर खाली होता तेव्हा मागे गर्दी होती आणि मीटर शून्याच्या जवळपास दाखवत होता. दुसरा थर उभा राहिला, मागे अर्धं आभाळ आलं, मीटर अधिक एकवर गेला. तिसऱ्याला अधिक दोनच्याही पुढे. मीटरच्या मते फोटो फुकट चालले होते. प्रत्यक्षात माणसांवरचा उजेड खालपासून वरपर्यंत तोच होता आणि प्रत्येक फ्रेममध्ये चिखल तेवढाच गडद, तेवढाच ओला आला. आभाळ पांढरं झालं. होऊ द्यावं, त्या आभाळात बघण्यासारखं काही नव्हतं. काळ्याभोर ढगांची रांग असती तर हिशेब वेगळा मांडावा लागला असता: एक स्टॉप काळोख ठेवून रॉमध्ये सावल्या उचलायच्या.

या पद्धतीचा धोका एकच, थर चढत असताना मोठा ढग आला तर. त्यासाठी तिने आयएसओ मागच्या डायलवर ठेवला होता. उजेड कमी झाला तर दोन-तीन खटके, म्हणजे एक स्टॉप. दोन्ही गोष्टी एकदमच बदलल्या, उजेडही आणि चौकटही, तर कुठलाच मोड सगळं करून देत नाही. तेव्हा अंगठा तयार हवा.

बर्स्टचाही (बटण दाबून धरून घेतलेल्या सलग फोटोंचा) एक हिशेब आहे. साध्या बॉडीत रॉच्या वीस-पंचवीस फ्रेम झाल्या की बफर (फोटो कार्डावर जाण्याआधी साठवायची तात्पुरती जागा) भरतो आणि कॅमेरा अडखळतो. हंडीला पहिला हात लागला तेव्हाच बटण दाबून धरलं तर फुटायच्या क्षणी कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो. तिने तीन-तीन फ्रेमचे छोटे घास घेतले आणि वरच्या गड्याचा हात मागे गेला तेव्हाच लांब बर्स्ट सोडला. फुटलेल्या मडक्याचा तुकडा, त्याच्यामागे दह्याचा पांढरा फराटा आणि खाली वर वळलेली तपकिरी तोंडं, हे सगळं एकाच फ्रेममध्ये आलं.

मोबाइलवाल्यांसाठी

मैदानात बहुतेकांच्या हातात मोबाइल असतो आणि प्रश्न तोच लागू होतो. खेळाडूच्या अंगावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस आणि एक्स्पोजर बांधले जातात. मग बाजूची पट्टी किंचित खाली ओढली की माती ओली दिसते. हंडीच्या आधी खाली उभ्या माणसावर एक्स्पोजर बांधून घ्यावं आणि मग फोन वर न्यावा. नाइट मोड मात्र बंद ठेवावा. तो बऱ्याच फ्रेम एकावर एक रचतो आणि पळणाऱ्या माणसाला तीन हात फुटतात.

कॅमेरावाल्यांसाठी आणखी एक: शिगमोत (गोव्यातल्या शिमग्यात) रात्री चित्ररथ येतात तिथे हाच प्रश्न वेगळं उत्तर देतो. रथावरचे दिवे रंग बदलतात म्हणजे उजेडच बदलतो, आणि एलईडी असल्यामुळे १/१०० च्या पुढे जाताना पट्टे तपासावे लागतात. एम, ऑटो आयएसओ, १/१००, आणि काळ्या आभाळाने मीटर फसतो म्हणून उणे एक.

घरी आल्यावर

कॅमेरा भिजलेला नव्हता, पण त्यावर प्लास्टिकची पिशवी रबराने बांधूनही लेन्सच्या कड्यावर चिखल बसला होता. तो पुसायचा नाही. त्यात वाळू असते आणि पुसताना काचेवर ओरखडे उठतात. आधी पूर्ण वाळू द्यायचा, मग ब्लोअरने उडवायचा, मऊ ब्रशने झटकायचा, आणि शेवटी काचेवर राहिलेला तेलकट डाग लेन्सच्या द्रावाचा एक थेंब कापडावर घेऊन काढायचा. द्राव थेट काचेवर टाकला तर तो कडेने आत उतरतो.

एसीच्या गाडीतून मैदानात उतरल्यावर लेन्सवर धुकं बसतं, त्यासाठी कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेरच्या हवेला येऊ द्यायचा, हे तिने जाताना पाळलं होतं. येताना झूम आत-बाहेर करणं टाळलं, कारण झूमची नळी बाहेर येते तेव्हा दमट हवा आत ओढते आणि गोव्याच्या पावसाळ्यात बुरशीला तेवढं पुरतं. रात्री दोन्ही झूम लेन्स झाकण काढून सिलिका जेलच्या डब्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी तिने कॅमेऱ्यातल्या सी१ आणि सी२ या साठवणीच्या जागा भरून ठेवल्या. सी१ मध्ये एम, १/१०००, एफ/५.६, ऑटो आयएसओ ६४०० पर्यंत, सेंटर-वेटेड, ६००० केल्विन, रॉ. सी२ मध्ये तेच सगळं, फक्त आयएसओ ३२०० ला बांधलेला. पॅनिंगसाठी, म्हणजे पळणाऱ्याबरोबर वळत घ्यायच्या फोटोंसाठी, एस मोड मोकळा राहिला, आणि परत येताना ऑटो आयएसओ विसरायची सोयच उरली नाही, कारण डायल सी१ वर फिरवला की तो आपोआप चालू होतो.